गोधडीतला खडा

सर, मागच्या आठवड्यात एका बाळंतिणीला मी डोकं उचलायला लावलं. उशीवरून चार बोटं वर, हनुवटी छातीकडे, आणि मी 'बस' म्हणेपर्यंत तसंच धरून ठेवायचं. तुमच्याकडून शिकल्यापासून हे किती जणांना करायला लावलं असेल त्याची मोजदाद नाही, त्यात नवीन काहीच नव्हतं. तरी त्या दिवशी घरी आलो, जेवलो, टीव्हीसमोर बसलो, आणि समोर काय चाललंय ते तासभर मला कळलं नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, म्हणून सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. त्या बाईपासूनच करतो. राउंडला हवापाण्याच्या गप्पा काढणाऱ्याला तुम्ही 'पेशंटवर ये बाप्पा' म्हणून गप्प करायचात.

बाई नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात शिलाईवर आहे, सासू अमरावतीत भाजी विकते. माझ्या दवाखान्याच्या इमारतीतच खालच्या मजल्यावर बाळंतपणाचा दवाखाना आहे. तिथल्या मॅडमनी तिचं सिझर केलं, मुलगी झाली, सगळं सरळ पार पडलं. पूर्वी तिच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती म्हणून रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन चालू होतं. तिसऱ्या दिवशी तिला खोकल्याची ढास लागली आणि दुपारपासून बेंबीखाली उजव्या बाजूला दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून औषध दिलं गेलं. ज्युनिअर डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं, पोट मऊ, म्हणजे काळजीचं काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला, जरा बघून जाता का. मी गेलो तर सासू दारातच उभी. 'सायेब, सारे गॅस गॅस करून राहिले,' ती म्हणाली. 'म्या पाच लेकरं काढली. गॅस फिरत राह्यते बाप्पा, एका जागी घर बांधून नाई बसत.' सर, तुम्ही असतात तर या बाईला तिथल्या तिथे कामावर ठेवून घेतलं असतं.

सासूनं जुन्या लुगड्याची पट्टी करून सुनेचं पोट घट्ट बांधलं होतं, आपल्याकडे बांधतात तसं, आणि ज्युनिअर डॉक्टरनं त्या पट्टीवरूनच हात फिरवला होता. मी ती सोडायला लावली. टाक्यांच्या वर, उजवीकडे, मुठीहून मोठा टणक गोळा हाताला लागला. तो मधल्या रेघेपाशी येऊन थांबला होता, पलीकडे जात नव्हता. बाईचे ओठ पांढरे पडले होते. डोकं उचल म्हटलं तर म्हणाली, 'टाके तुटतीन जी.' तुटणार नाहीत, माझा हात आहे, म्हटलं. तिनं उचललं. पोट फळीसारखं झालं, गोळा हाताखालून हलला नाही, आणि ती कळवळून ओरडली. मग सीटी स्कॅन केला, पण तो कागदापुरता. रक्त पोटात नव्हतं, पोटाच्या भिंतीत होतं, स्नायूच्या आवरणात. इंजेक्शन बंद केलं, रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं, चाकू लावला नाही. दोन दिवसांनी निळा-जांभळा डाग कमरेपर्यंत उतरला तेव्हा ज्युनिअर डॉक्टर मोबाइलवर फोटो काढायला आली. निळं दिसल्यावर काय, रिक्षावालाही सांगेल, हे तुमचंच वाक्य मी तिला ऐकवलं. ती हसली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून वाचली. मला काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला राहत नाही ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं माझं या एका गोष्टीत कायम आहे.

ही खूण तुम्ही मला शिकवली ती अकोल्यात, तुमच्या वीस खाटांच्या दवाखान्यात, मी रुजू झालो त्याच महिन्यात. पुस्तकात मी ती वाचली होती, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. तुम्ही म्हणालात, 'लिवलं तं खरं, पन समजलं काय?' मी मान डोलावली. तुम्हाला माझी मान डोलावण्याची सवय कधी आवडली नाही. दवाखान्याच्या वरच तुमचं घर. तुम्ही वर जाता आणि काकूंची गोधडी घेऊन येता, एका कोपऱ्याची शिवण दातानं तोडता, आवारातला एक खडा आत सरकवता. दुसरा खडा रिकाम्या खाटेवर ठेवून त्यावर गोधडी सैल पसरता. 'दाब,' तुम्ही म्हणता. मी दाबतो. दोन्ही खडे हाताला लागतात. मग एका टोकाला सिस्टर आणि दुसऱ्या टोकाला वॉर्डबॉय उभे करून तुम्ही गोधडी ताणून उचलून धरायला लावता. 'आता दाब.' खाटेवरचा खडा हाताला लागत नाही, गोधडीतला लागतो. 'खालचा व्हता तो राह्यला खाली,' तुम्ही म्हणालात. 'गोधडीतला जाईन कुठी? पेशंटनं डोस्कं उचललं का पोट असंच ताणल्या जाते. दुखनं आतलं असन तं लपते, भिंतीतलं असन तं हाताखालीच बोंबलते. पैसा नाई लागत, मशीन नाई लागत. फक्त हात लागते, अन् तो पोटावर ठेवा लागते.' काकू जिन्यातून ओरडत होत्या, माझी गोधडी उसवली या माणसानं. सगळा वॉर्ड हसत होता.

आणि तरी वर्षभरातच मी तुमच्या हाती सापडलो. हर्नियाच्या ऑपरेशननंतरची एक म्हातारी होती, शेवटच्या खाटेवरची. मी घाईत होतो, तिनं नऊवारी आवळून नेसली होती, मी लुगड्यावरूनच हात लावल्यासारखं केलं आणि केसपेपरवर लिहून टाकलं, पोट मऊ. तुम्ही मागून राउंड घेत आलात. तिचं पोट उघडं करून पाहिलंत, बराच वेळ हात ठेवून उभे राहिलात, मग मला हाक मारलीत. पोट मऊ नव्हतं. टाक्यांच्या खाली रक्त साचून टेंगूळ आलं होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हातारीलाच विचारलंत, 'माय, या डॉक्टरनं तुह्यं पोट पाह्यलं काय?' ती बिचारी मला वाचवायला म्हणाली, 'पाह्यलं असन बावा, माह्या ध्यानात नाई.' तुम्ही माझ्याकडे वळलात. 'पाहून लिवून राहिला का लिवून पाहून राहिला?' मग नवा कागद मागवलात आणि माझ्या हातानं त्यावर लिहायला लावलंत, 'मी पोट पाहिलं नाही.' खाली सही. तो कागद तुम्ही तिच्या फाइलला टाचून ठेवलात, आणि ती घरी जाईपर्यंत रोज सकाळी फाइल उघडली की माझी सही वर. मला लाज वाटली, रागही आला. रात्री काकूंनी वर बोलावून ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. तुम्ही समोर बसून जेवत होतात, आणि उठताना म्हणालात, 'तिखट कमी खात जा.' तो विषय तुमच्यापुरता तिथं संपला.

तुमची दुसरी खोड नखांची. राउंडला उभं राहिलं की तुम्ही मधेच आमचा हात धरायचात, पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोटं पसरून नखं बघायचात आणि नख वाढलेलं दिसलं की त्याला सरळ वॉर्डाबाहेर. 'लोकाच्या दुखऱ्या पोटावर खुरपं चालवाले आला काय?' माझे वडील भाजीवाले माळी. आमच्या घरी खुरपं कोपऱ्यातच असायचं, त्यामुळे हे वाक्य मला इतरांपेक्षा जास्त लागायचं. तुमची स्वतःची नखं मांसाबरोबर कापलेली आणि हात नेहमी गरम, कारण राउंडच्या आधी चहाचा ग्लास तुम्ही दोन्ही तळव्यांत धरून बसायचात आणि चहा बहुतेक वेळा तसाच ठेवून उठायचात. पाच वर्षांनी मी अमरावतीत स्वतःचा दवाखाना टाकायला निघालो तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही एखादं पुस्तक द्याल, पेन द्याल. तुम्ही खिशातून नेलकटर काढून दिलात. नवाही नव्हता, तुमचाच होता. मी पाया पडलो. 'पायाले काय हात लावतं,' तुम्ही म्हणालात, 'पोटाले लावत जा.' तो नेलकटर माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. धार गेली आहे.

मग चार वर्षांनी तुम्हीच पेशंट होऊन माझ्याकडे आलात. पित्ताशयात खडे होते. आदल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवली होती. अकोल्यात चांगले सर्जन होते, मुलगी पुण्याला या म्हणत होती, पण तुम्ही गाडीत बसून बडनेऱ्यावरून सरळ माझ्या दारात उतरलात. 'माह्या हातचा मानूस पायजे,' तुम्ही काकूंना सांगितलंत, आणि तुम्ही येणार हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की तुम्ही यायच्या दोन दिवस आधीच मी दवाखान्याला रंग लावून घेतला. सोमवारी दुर्बिणीनं ऑपरेशन केलं. पाऊण तासात झालं. मंगळवारी तुम्ही खोलीत फेऱ्या मारत होतात आणि माझ्या सिस्टरला सलाइन कसं धरायचं ते शिकवत होतात. स्टेंटमुळे रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन दिवसातून दोनदा पोटाच्या कातडीत चालू होतं. बुधवारी तुम्हाला खोकला लागला. त्या नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. हे मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही, पण खोकला त्यानंच लागला असावा.

गुरुवारची सकाळ. एक नंबरची खोली, आणि खोलीत माणसंच माणसं. तुम्ही आजारी आहात म्हटल्यावर अकोल्याहून, मूर्तिजापूरहून लोक येतच होते. कोणी संत्री घेऊन, कोणी दशम्या, कोणी नुसतं तुम्हाला बघायला. ज्यांची आतडी तुम्ही शिवली होती ते आपापल्या बायकांना व्रण दाखवत बसले होते. तुमचे आणखी दोन विद्यार्थी भिंतीला टेकून उभे. काकू पायथ्याशी. मी आत आलो आणि रोजच्यासारखा आधी तुमच्या पायांना हात लावला. तुमचा चेहरा उतरलेला होता. 'पहाटपासून इकडं दुखून राहिलं,' तुम्ही उजवीकडे बेंबीखाली हात ठेवून म्हणालात. मी म्हटलं, 'सर, गॅस असेल.' तुम्ही म्हणालात, 'असन.' नाडी ठीक होती. ती ठीकच राहणार होती, कारण हृदयासाठी तुम्ही जी गोळी घ्यायचात ती नाडीला पळूच देत नाही, आणि हे मला माहीत होतं. मी गॅसचं औषध सांगितलं आणि केसपेपरवर लिहिलं, पोट मऊ. पायाले लावला, पोटाले लावला नाही.

दुपारी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला. दोन अंकांनी उतरलं होतं. मी म्हटलं सलाइनमुळे पातळ दिसत असेल. दोन्ही विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या, कारण सरांचं पोट तपासून बघू का, असं विचारणार कोण? आणि तुमच्या पायजम्याची नाडी सोडणार कोण? चार वाजता तुम्हाला दरदरून घाम सुटला आणि रक्तदाब खाली आला. सोनोग्राफीवाले डॉक्टर धावत आले. पोटाच्या खालच्या भागात रक्त दिसतंय म्हणाले, मग थांबून विचारलं, 'हे आत आहे की भिंतीत, नीट कळत नाही. सकाळी हाताला काही लागलं होतं का?' मी म्हटलं, नाही. ते खोटं नव्हतं. हात लावलाच नव्हता तर लागणार काय? पित्ताशयाच्या जागी टाका सुटला असेल या भीतीनं मी तुमचं पोट उघडलं. आत सगळं कोरडं होतं, स्वच्छ होतं, सोमवारी ठेवलं होतं तसं. रक्त भिंतीत होतं, खोकल्यानं तुटलेल्या एका बारीक रक्तवाहिनीतून दिवसभर साचलेलं. सकाळी इंजेक्शन थांबवलं असतं आणि रक्त चढवलं असतं तर बहुधा चाकू लावावाच लागला नसता, जसा आत्ता त्या बाईला लागला नाही. दोन ऑपरेशनं आणि तेवढं रक्त जाणं तुमच्या हृदयाला झेपलं नाही. शुक्रवारी दुपारी तुम्ही गेलात. मरणाच्या दाखल्यावर मी हृदयविकार लिहिलं. तेही खोटं नाही. आपल्या कामात खोटं न लिहिता पुष्कळ लपवता येतं.

तेराव्याला मी अकोल्याला गेलो. काकू आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायकांना बाहेर जायला सांगून त्यांनी मला जवळ बसवलं. त्या डॉक्टर नव्हत्या, पण तीस वर्षं दवाखान्याच्या डोक्यावर राहिल्या होत्या. 'मले एकच सांग,' त्या म्हणाल्या. 'त्यायनं तुले पोट दाखवलं नाई काय? आयुष्यभर साऱ्याइचे पोटं उघडून पाह्यले, अन् सोताचं दाखवलं नाई?' सर, त्यांनी प्रश्नातच मला वाट काढून दिली होती. मी त्या वाटेनं गेलो. म्हटलं, 'काकू, सरांनी हात लावू दिला नाही.' त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, 'असाच व्हता. हट्टी.' तेव्हापासून ती गोष्ट तशीच चालू आहे. आम्ही विद्यार्थी वर्षातून एकदा अकोल्यात जमतो, काकू जेवायला वाढतात, आणि कोणीतरी तुमची आठवण काढतं, की सर म्हणजे सर, स्वतःच्या पोटाला कोणाला हात लावू देतील तर शपथ, हट्टापायी गेले. सगळे हसतात. मी खाली बघून जेवतो. काकू मला एक भाकर जास्त वाढतात.

काल ती बाळंतीण घरी गेली. सासू माझ्यासाठी पिशवीभर वांगी घेऊन वरच्या मजल्यावर आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, 'एक इचारू काय सायेब? डोस्कं उचलाले लावून तुमाले समजलं कसं?' मी म्हटलं, माझ्या सरांनी शिकवलं. 'आहेत काय ते?' नाहीत, खूप वर्षं झाली. 'कायनं गेले?' तिनं सहज विचारलं, बाजारात भाव विचारावा तसं. मी म्हटलं, हृदयानं. ती चक् चक् करून निघून गेली. अठरा वर्षांत हे उत्तर मी इतक्या जणांना दिलंय की तोंड आपोआप देतं. पण काल ती गेल्यावर मी खण उघडला, तुमचा नेलकटर काढून टेबलावर ठेवला आणि वांग्यांच्या पिशवीशेजारी तो बराच वेळ तसाच पडून राहिला. मला वाटलं, रडू येईल. आलं नाही. दवाखाना बंद करून मी वांगी घरी नेली.

हे सगळं खरं तर काकूंना सांगायचं आहे. त्यांना आता दिसत नाही, दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले. पत्र दिलं तर कोणाकडून तरी वाचून घेतील, आणि वाचणारा बहुतेक त्या गुरुवारी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोघा विद्यार्थ्यांपैकीच एक असेल. नाहीतर मीच जाऊन वाचून दाखवायचं. तुमच्या त्याच गोधडीवर त्या बसतात. उसवलेला कोपरा त्यांनी परत शिवला आहे, आणि खडा आतच राहिला आहे. मागच्या खेपेला माझा हात धरून त्यांनी तो मला चाचपायला लावला होता. म्हणाल्या, 'पाह्य, काढलाच नाई मी.' त्या खड्याशेजारी बसून हे वाचायचं मला जमणार नाही. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुमच्यापर्यंत पोचत नाही, हीच त्यातली सोय.

वर गुरुवारचं लिहिताना एक गोष्ट मी गाळली. पोट मऊ लिहून मी केसपेपर मिटला आणि वळणार, तेवढ्यात तुम्ही चादर बेंबीखाली सारलीत आणि डोकं उचललंत. उशीवरून चार बोटं वर, हनुवटी छातीकडे. माझ्याकडे बघत तसेच राहिलात. काकूंना वाटलं पाणी पाहिजे, त्यांनी तांब्या पुढे केला. मी तुमच्या मानेखाली हात घातला आणि तुम्हाला परत उशीवर टेकवलं. म्हटलं, 'सर, पडून राहा, टाक्यांना ताण पडतो. संध्याकाळी बघतो निवांत.' तुम्ही थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहिलंत. मग 'बरं' म्हणालात. तेच तुम्ही मला शेवटचं बोललात. तुम्ही हट्ट केला नव्हता, सर. काकू समजतात तसं काही नव्हतं, तुम्ही पोट दाखवत होतात. आणि तुम्हाला उठून बसायचं असेल असं मला वाटलं होतं, हे जे मी स्वतःला सांगत आलो, तेही खरं नाही. तुम्ही डोकं का उचललंत ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण खोली माणसांनी भरलेली होती, मी पोटाकडे हात नेला असता तर त्यांच्यासमोर तुम्ही माझी बोटं धरून पसरली असतीत, आणि रंगाच्या गडबडीत आठवडाभर माझी नखं कापायची राहून गेली होती.